निकाल सहीच्याच दिवशी

वाशी, नेरूळ, खारघर किंवा उलव्यात फ्लॅट घेणाऱ्याच्या पुढ्यात हल्ली गृहकर्जाच्या कागदांबरोबर आयुर्विम्याचा अर्जही येतो. कर्ज वीस वर्षांचे, घेणारा पस्तिशीचा. मध्येच काही बरेवाईट झाले तर हप्ते कोण फेडणार, ही चिंता बँकेलाही असते आणि घरच्यांनाही. अर्जाची पाने बरीच आणि वेळ थोडा, म्हणून कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात. आता तर मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला की तेवढेही कष्ट उरत नाहीत. प्रकृतीच्या प्रश्नांपुढे ओळीने ‘नाही, नाही, नाही’ पडते, नॉमिनीच्या रकान्यात सुचेल ते नाव जाते आणि पॉलिसीची पीडीएफ ईमेलमध्ये न उघडता पडून राहते. विम्याचा खरा प्रश्न माणूस गेल्यावर उभा राहतो, तोवर कागद म्हणजे नुसता सोपस्कार, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. कायदा नेमका उलट बाजूने बघतो. पैसे मिळणार की नाही, मिळाले तर कोणाचे होणार आणि देणेकऱ्यांना त्यांना हात लावता येईल की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बहुतांशी अर्जावर सही झाली त्याच दिवशी ठरलेली असतात. मृत्यूनंतर ती फक्त वाचली जातात.

मुळात आयुर्विमा हा नुकसानभरपाईचा करार नाही. गाडी जळाली किंवा गोदामात पाणी शिरले तर नुकसान मोजता येते आणि तेवढेच भरून मिळते. माणसाच्या जिवाची अशी मोजणी होत नाही, म्हणून रक्कम आधीच ठरवावी लागते. पण दुसऱ्याच्या मरणावर ठरावीक रक्कम लावायची तर मग ते आणि सट्टा यांत फरक काय राहिला? भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल आहे. म्हणून ज्याच्या आयुष्याचा विमा उतरवायचा त्याच्या जगण्यात विमा घेणाऱ्याचा काही हितसंबंध असावा लागतो. स्वतःच्या आयुष्यात तो असतोच. पती-पत्नीचा एकमेकांच्या आयुष्यात गृहीत धरला जातो. सावकाराचा ऋणकोच्या आयुष्यात कर्जापुरता असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयापुढे असा एक खटला आला होता. एका कारकुनाच्या बायकोच्या नावावर २५,००० रुपयांची पॉलिसी निघाली, म्हणजे त्या काळातले घबाडच. आठवड्याभरात तिने ती नवऱ्याच्या मालकाच्या पत्नीच्या नावे करून दिली आणि महिन्याभरात ती मरण पावली. मालकिणीने पैसे मागितले. पॉलिसी पहिल्यापासून मालकाच्याच फायद्यासाठी काढली होती, असे पुराव्यात दिसले आणि न्यायालयाने तिला पैज ठरवून रद्द केले. हा हितसंबंध तपासायचा तो करार झाला त्या दिवशीचा, मृत्यूच्या दिवशीचा नव्हे. हा दंडक इंग्लंडमध्ये १८५४ सालच्या डाल्बी खटल्यात पक्का झाला आणि आपल्याकडेही तोच चालतो.

प्रामाणिकपणाचेही असेच आहे. बाजारात वस्तू घेताना दुकानदाराने तिचे दोष आपणहून सांगितलेच पाहिजेत असे नाही. घेणाऱ्याने पारखून घ्यावे, असा साधारण रिवाज. विम्यात ही सवलत नाही, कारण इथे पारखण्यासारखी माहिती एकाच बाजूकडे असते. छातीत कळ कधी आली होती, घरात कोणाला क्षयरोग होता, तंबाखूची तलफ किती, हे अर्जदारालाच ठाऊक. म्हणून हा परम विश्वासाचा करार मानला जातो आणि विमा देण्याचा किंवा हप्ता ठरवण्याचा निर्णय ज्या माहितीने बदलू शकतो ती दडवणे कायद्याला चालत नाही. एलआयसीचा जुना, सर्वपरिचित ‘फॉर्म ३००’ पाहिला तर प्रश्न किती बारीक असतात ते कळते. गेल्या पाच वर्षांत आठवड्याहून जास्त उपचार लागतील असे काही दुखणे झाले का? कधी रुग्णालयात दाखल होता का? प्रकृतीच्या कारणाने कामावर गैरहजर राहिलात का? यकृत, पोट, हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांची काही तक्रार? मधुमेह, रक्तदाब, फेफरे? दारू किंवा कोणत्याही रूपात तंबाखू? ‘कोणत्याही रूपात’ म्हटले की मशेरीही आली, हे भरणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्या कंपनीची पॉलिसी आहे का, हा प्रश्नही असाच निरुपद्रवी वाटतो. रिलायन्स लाइफच्या एका प्रकरणात विमेदाराने त्याला नकारार्थी उत्तर दिले होते. प्रत्यक्षात जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, जुलै २००९ मध्ये, त्याने दुसऱ्या कंपनीची ११ लाखांची पॉलिसी घेतली होती. नवी पॉलिसी १० लाखांची होती आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तो वारला. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने एप्रिल २०१९ मध्ये कंपनीचा नकार वैध ठरवला. एकाच माणसावर किती रकमेचे विमे आहेत, हे जोखीम तोलताना महत्त्वाचे असते, असे कारण दिले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘अर्ज मी कुठे भरला? एजंटने भरला, मी फक्त सही केली.’ २०१९ च्या त्याच निकालात हा बचाव टिकला नाही. सही करणाऱ्याने मजकूर वाचून मान्य केला असे कायदा धरतो आणि अर्ज भरून देणारा एजंट तेवढ्यापुरता अर्जदाराचाच हस्तक मानला जातो. एजंटच्या हाती दिलेल्या हप्त्याचीही तीच गत. १९८७ सालच्या एका प्रकरणात ग्राहकाने थकलेल्या हप्त्याचा बेअरर चेक एजंटला जूनमध्ये दिला. एजंटने तो वटवला, पण पैसे भरले ऑगस्टमध्ये, ग्राहक अपघातात गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. एलआयसीच्या नियमांनुसार एजंटला हप्ता स्वीकारण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून पॉलिसी बंद पडलेली ठरली. हर्षद शहा खटला म्हणून तो १९९७ पासून दाखल्यासाठी सांगितला जातो. मला कायद्याची ही बाजू कठोर वाटते. ज्याला कमिशन कंपनी देते, ज्याच्या ओळखपत्रावर कंपनीचे नाव असते, तो अर्ज भरताना तेवढा ग्राहकाचा माणूस होतो, ही कल्पना कंपन्यांच्या फारच सोयीची आहे. अर्जदाराला अर्जाची भाषा येत नसेल तर मजकूर समजावून सांगणाऱ्याने तसे लिहून द्यावे लागते, एवढा एक आधार आहे. पण तेही निवेदन त्या फुल्यांवरच्या सह्यांबरोबर छापील स्वरूपात उरकले जाते. नियम बदलावा असे म्हणायला जागा आहे. तो बदलत नाही तोवर सही आपली आणि जबाबदारीही आपली.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. कंपनीने तिच्या डॉक्टरकडून तपासणी करून घेतली, पैसेही घेतले. मग तिची काहीच जबाबदारी नाही का? आहे, पण समजतो तेवढी नाही. तपासणीत वजन, रक्तदाब, साखर कळते. चार महिन्यांपूर्वी कोणत्या रुग्णालयात होतो ते कळत नाही. पैसे घेण्याचे म्हणाल तर राजा वासिरेड्डी खटल्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. २७ डिसेंबर १९६० ला ५०,००० रुपयांच्या विम्याचा प्रस्ताव गेला, हप्त्याचे दोन चेक दिले गेले, दुसरा ११ जानेवारी १९६१ ला वटला आणि १२ जानेवारीला अर्जदार वारला. पैसे कंपनीच्या खात्यात, माणूस स्मशानात, आणि करार? सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सांगितले की करार झालाच नव्हता. प्रस्ताव स्वीकारल्याचे कळवावे लागते; कंपनी गप्प राहिली किंवा तिने पैसे ठेवून घेतले म्हणजे होकार झाला असे नाही. हप्ता भरल्याची पावती आणि पॉलिसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांना माहीतच नसते.

मग वर्षानुवर्षे हप्ते घ्यायचे आणि माणूस गेल्यावर जुने केसपेपर उकरून हात झटकायचे, ही मुभा कंपनीला आहे का? इथे मात्र कायदा विमेदाराच्या बाजूने ठाम उभा राहतो. विमा अधिनियम १९३८ चे कलम ४५ हे या सगळ्या विषयाचे मर्म आहे. जुन्या कलमात दोन वर्षांची मुदत होती आणि त्यानंतरही कंपनीला जाणूनबुजून केलेली फसवणूक सिद्ध करून पॉलिसी नाकारता येई. जबलपूरच्या एका गृहस्थांनी १९४५ मध्ये ‘ओरिएंटल’ची २५,००० रुपयांची पॉलिसी घेतली होती. आधी रक्तक्षय, पायांवरची सूज, धाप यांसाठी घेतलेले उपचार त्यांनी अर्जात दडवले होते. ते १९४६ मध्ये वारले आणि मिठूलाल नायक खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूक ठरवून दावा फेटाळला. २०१५ च्या दुरुस्तीने हे चित्र पालटले. आता मुदत तीन वर्षांची आहे, पण ती उलटली की पॉलिसीला कोणत्याही कारणावरून आव्हान देता येत नाही, फसवणुकीच्याही नाही. तीन वर्षांच्या आत नाकारायचे असेल तर कारणे लेखी द्यावी लागतात. फसवणूक नसून नुसती माहिती राहून गेली असेल तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करावे लागतात. शिवाय ती माहिती आधी कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे.

या कलमातली एक मेख मात्र फार थोड्यांना माहीत असते. तीन वर्षांचे घड्याळ पॉलिसी दिल्याच्या, जोखीम सुरू झाल्याच्या, रायडर जोडल्याच्या किंवा बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्याच्या तारखेपासून धावते, यांपैकी जी तारीख सर्वांत शेवटची असेल तिच्यापासून. मिठूलाल खटल्यात न्यायालयाने मूळ तारीखच धरली होती; आजच्या कायद्यात पुनरुज्जीवनाची तारीख स्पष्ट शब्दांत आली आहे. म्हणजे दहा वर्षे नीट हप्ते भरले, एक वर्ष ओढगस्तीत चुकले, पॉलिसी बंद पडली आणि प्रकृतीचे नवे निवेदन देऊन ती पुन्हा चालू केली, की विमेदार पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. मधल्या काळात सुरू झालेली रक्तदाबाची गोळी त्या निवेदनात लिहिली नाही तर दहा वर्षांची पुण्याई कामी येत नाही. म्हणून हप्त्याच्या तारखेनंतरचे सवलतीचे तीस दिवस, आणि मासिक हप्ता असेल तर पंधरा, हे फार मोलाचे असतात. त्या दिवसांत विमा चालूच असतो.

अशा कायद्याने खोटे बोलणाऱ्याचे फावते, असे विमा क्षेत्रातले लोक म्हणतात. तीन वर्षे तग धरली की सगळे माफ, हा काय न्याय? आक्षेप अगदीच पोकळ नाही. अशा दाव्यांचे ओझे शेवटी प्रामाणिक ग्राहकांच्या हप्त्यावरच पडते. पण दुसरे पारडे पाहा. ज्याची बाजू मांडायची तो माणूस हयात नसतो. त्याने काय समजून ‘नाही’ लिहिले हे सांगायला कोणी उरत नाही आणि तीन वर्षांच्या आतल्या प्रकरणात फसवणूक नव्हती हे दाखवण्याचा भार घरच्यांवर येतो. कंपनीकडे अर्ज आल्या दिवसापासून चौकशीची सगळी साधने असतात. तिने ती दावा येईपर्यंत न वापरता ठेवावीत आणि मग वापरावीत, याला कुठेतरी अटकाव हवाच होता. न्यायालयांनीही सरसकट कंपन्यांच्या पारड्यात माप टाकलेले नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मणक्याचे दुखणे लपवले म्हणून हृदयविकाराने झालेल्या मृत्यूचा दावा नाकारू दिला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये, मोठी पॉलिसी सांगितली पण काही किरकोळ रकमांच्या सांगायच्या राहिल्या, एवढ्यावरून दिलेला नकार रद्द केला. तरी ‘माझा आजार वेगळा, मरण वेगळ्याने’ हे उत्तर प्रत्येक वेळी चालेल, असे कोणी धरून चालू नये. रोखठोक कसोटी एकच आहे: त्या माहितीने विमा देणाऱ्याचा निर्णय बदलला असता का.

आता नॉमिनीचा रकाना. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे स्वीकारणारा विश्वस्त, हे सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी खटल्यात डिसेंबर १९८३ मध्ये ठरवले. तिथे नवऱ्याने पत्नीचे नाव लावले होते, तरी रकमेत त्याची आई आणि मुलगा यांचाही वाटा निघाला. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत हाच वाद मराठी वाचकांना परिचित घरात उभा राहिला होता. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगांवकर २०१३ मध्ये निवर्तल्यावर त्यांच्या गुंतवणुकीवर नॉमिनींचा हक्क की वारसांचा, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीपर्यंत गेला. नॉमिनी मालक होत नाही, वारसा कायदा आणि मृत्युपत्र यांप्रमाणेच वाटप होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ ला सांगितले. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीने एक वेगळी वाट काढली. नॉमिनी आई-वडील, पती किंवा पत्नी अथवा मुले असतील तर रकमेवर त्यांचा लाभाचा हक्क मानला जावा, असे कलम ३९ आता म्हणते. भाऊ, बहीण, पुतण्या, सून या यादीत नाहीत. प्रश्न मिटला असे वाटत असतानाच मार्च २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे एक कुटुंब आले. मुलाने लग्नाआधी विमा घेऊन आईचे नाव लावले, पुढे लग्न झाले, मूल झाले, पण अर्जातले नाव तसेच राहिले आणि २०१९ मध्ये तो वारला. आई म्हणाली, नव्या कलमाप्रमाणे सगळे माझे. न्यायालयाने आई, पत्नी आणि मूल यांना एक-एक तृतीयांश दिले. वारस दावा घेऊन उभे राहिले तर कलम ३९ हिंदू वारसा कायद्याला बाजूला सारत नाही, असे मत दिले. संसदेने शब्द बदलूनही वाद संपलेला नाही. लग्न झाल्यावर नॉमिनेशन बदलायला एक साधा अर्ज पुरतो. त्या घराचा हा सगळा तंटा तेवढ्यानेही बराच निवळला असता. ज्याला आपली इच्छा निःसंदिग्धपणे नोंदवायची आहे त्याने नॉमिनेशनच्या जोडीला मृत्युपत्र करावे. दोन्हींतली नावे मात्र जुळली पाहिजेत.

तिसरा प्रश्न देणेकऱ्यांचा. वाशीच्या एपीएमसीतला व्यापारी असो किंवा तुर्भ्याचा लघुउद्योजक, त्याने कर्जाला स्वतःची हमी दिलेली असते. विम्याचे पैसे त्याच्या मालमत्तेत आले की देणेकऱ्यांचा हात तिथवर पोहोचू शकतो. यावरचा उपाय दीडशे वर्षे जुना आहे आणि दुर्दैवाने तितकाच अपरिचित. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याचे कलम ६ सांगते की विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावर, पत्नीच्या किंवा पत्नी-मुलांच्या लाभासाठी असे पॉलिसीवरच नमूद करून विमा घेतला तर तो त्यांच्यासाठीचा विश्वस्त निधी ठरतो. तो नवऱ्याच्या ताब्यात राहत नाही आणि त्याच्या मालमत्तेतही येत नाही. हिंदू-मुस्लिमांना हे कलम लागू आहे का याबद्दल आधी वाद होता. १९२३ च्या दुरुस्तीने तो मिटवला. अर्थात देणेकऱ्यांना बुडवण्याच्या हेतूने केलेल्या व्यवहाराला हे संरक्षण नाही. शिवाय एकदा अशी पॉलिसी घेतली की तिच्यावर स्वतःसाठी कर्ज काढता येत नाही की लाभार्थी मनाला येईल तेव्हा बदलता येत नाहीत. ही निवड पॉलिसी घेतानाच करावी लागते, म्हणजे पुन्हा तोच अर्ज, तोच दिवस. गृहकर्जासाठी पॉलिसी बँकेच्या नावे करून दिली असेल तर मात्र आधी बँकेचे येणे वळते होते आणि नॉमिनीला उरलेले मिळते.

पॉलिसी हातात आली की तिच्यासोबत भरलेल्या अर्जाची प्रत आहे का ते आधी पाहावे, नसेल तर मागून घ्यावी. पसंत नसेल तर पॉलिसी परत करायला तीस दिवस मिळतात. याच दिवसांत अर्जातली चुकीची उत्तरे लेखी कळवून दुरुस्त करून घ्यावीत. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्यावा. आणि हे सगळे करूनही दावा नाकारला गेलाच, तर कोर्टाची पायरी चढण्याआधी विमा लोकपालाचा मार्ग आहे. कंपनीकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, की वर्षाच्या आत तिथे जाता येते. ५० लाखांपर्यंतचे प्रकरण चालते, शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहकाला तो मान्य नसेल तर त्याला ग्राहक आयोगाचे दार खुले राहते, मात्र तिथली मुदत दोन वर्षांची आहे. नवी मुंबईकरांना यासाठी पूर्वी पुण्याच्या कार्यालयाकडे जावे लागे. आता त्यांचे विमा लोकपाल कार्यालय ठाण्यात आहे.